हलता चेंडू

त्या वर्षांत माहेरचा फोन वाजला की तो उचलायला मी धजायची नाही. मी मुळातच भित्री. आमच्या शहरात राजापेठेच्या चौकात रस्ता ओलांडायचा तर लेक माझा हात धरते, मी तिचा नाही. पण ती भीती वेगळी होती. गावाकडून कुणाची काय बातमी येईल याचा नेम राहिला नव्हता, आणि एकदा ती आमच्याच घरची आली होती. दादा कपाशीवर फवारणी करता करता बांधावर कोसळला होता. औषध अंगात भिनलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला तेव्हा पहिलं बोलला ते, "कोन हाय?" मी त्याच्या तोंडासमोर उभी होते.

पुढे नजर परत आली असं सगळे म्हणाले. तोही म्हणाला. शेत मक्त्यानं देऊन त्यानं जुना ऑटो घेतला आणि बार्शीटाकळी ते अकोला सवाऱ्या वाहू लागला. शाळेची लेकरंसुद्धा त्याच्याच ऑटोनं जायची. मी मात्र दर भेटीत त्याला चोरून न्याहाळायची. हात थेट मिठावर जातो का, पाय चपलेत नीट शिरतो का. वहिनी चिडवायची, "ताई, तुमी भावाले भेटाले येता का तपासाले?" मीही हसायची. भीती तेवढी जायची नाही.

त्या भाऊबीजेला मी ओवाळत होते. निरांजन त्याच्या चेहऱ्याभोवती फिरलं आणि त्याचे डोळे जागचे हलले नाहीत. मनात पाल चुकचुकली. सणाच्या दिवशी कसले हे अभद्र विचार, म्हणून मी स्वतःलाच दटावलं आणि त्याच्या तोंडात अनारसा कोंबला.

"यंदाची ओवाळणी म्हणून भाचीले फिरवून आणतो," तो म्हणाला. माझी लेक आल्यापासून एकाच जागेचा धोशा लावून बसली होती. अकोल्यात बंद पडलेल्या एका कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये एका हौशी चाचांनी जुन्या पिनबॉल यंत्रांचं संग्रहालय मांडलं होतं. संग्रहालय म्हणजे काचेआडच्या वस्तू आणि 'हात लावू नये'च्या पाट्या, एवढंच मला ठाऊक. इथं दारातच चाचा म्हणाले, "हात लावा, खेळा, ठोका. बंद ठेवलं का मशीन मरते."

आत शिरले आणि मला धडकीच भरली. जिथं एके काळी सरकीचा वास असायचा तिथं उतरत्या टेबलांच्या रांगा, त्यांवर लाल-पिवळे दिवे आणि नुसता ठणठणाट. स्प्रिंग ओढली की लोखंडी चेंडू वर उडतो, खुंट्यांवर आपटत खाली येतो. खाली दोन पट्ट्या. टेबलाच्या दोन्ही बाजूंची बटणं दाबून त्या हलवायच्या आणि चेंडू परत वर पिटाळायचा. चुकला की गेला. माझा पहिला चेंडू मी घाबरून डोळे मिटल्यामुळे गेला. लेक खो खो हसली आणि मामीला ओढत पलीकडच्या यंत्राकडे घेऊन गेली.

दादानं स्प्रिंग ओढली. चेंडू वर गेला, ठणठणला, खाली आला, पट्ट्यांच्या मधून नाहीसा झाला. त्यानंतर दादानं बटण दाबलं. दुसऱ्या चेंडूला तेच, तिसऱ्यालाही तेच. दर वेळी चेंडू गेल्यावर पट्टी उठायची. तो काचेकडे पाहत होता, पण त्याची नजर एकाच जागी होती. निरांजनासमोर होती तशीच.

"मामा, किती बह्याडावानी खेळता!" लेक ओरडली. ते ऐकून वहिनी लगबगीनं आली आणि दादाच्या मागे उभी राहिली. दोन्ही हात तिनं त्याच्या खांद्यांवर ठेवले. पुढचा चेंडू खाली आला तेव्हा तिची बोटं त्याच्या डाव्या खांद्यावर वाजली आणि डावी पट्टी उठली. मग उजव्या खांद्यावर. काही चेंडू गेले, पण काही वाचले. लेक टाळ्या वाजवत होती. बघणाऱ्याला वाटावं, काय नवरा-बायकोचं कौतुक.

मला मात्र येतानाचा रस्ता आठवत होता. आम्ही मायलेकी मागे बसलो होतो आणि वहिनी पुढे, दादाला खेटून, अर्ध्या सीटवर. सारा रस्ता ती बोलत होती. म्हैस आली वाटते. तो ट्रकवाला पाहा कसा येऊन राहिला. माझ्या मनात आलंही होतं, किती ही बडबड! रोज ती अशीच त्याच्यासोबत जायची आणि मागे शाळेची लेकरं असायची.

मी दादाचा दंड धरून त्याला दाराशी आणलं. वहिनी मागोमाग आली. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. "ताई, इथं नोका बोलू," ती म्हणाली.

"दादा, चाबी दे."

तो हसला. "तुले कावून पायजे चाबी? तुले स्कूटी त येत नाई."

"दे म्हणते ना."

हसू ओसरलं. "उभं असते ते दिसते मले, बाई," तो हळूच म्हणाला. "हलते ते नाई दिसत. हे सांगून घरी बसलो त चूल कशी पेटन?"

मी नुसता हात पुढे धरून उभी राहिले. लेक आतून हाका मारत होती. त्यानं खिशातून चाबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. वहिनी पदर तोंडाशी धरून रडायला लागली, आणि मला वाटलं, मी यांचं घर मोडलं.

चाचांनी दारातून सगळं ऐकलं होतं. "जवानीत मी टेम्पो चालवला आहे. पोचवून देतो, चला," म्हणाले आणि शेडला कुलूप घातलं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, एवढं मी दादाकडून कबूल करून घेतलं. मग आम्ही सगळे मागे दाटीवाटीनं बसलो. चाचा भलतेच जपून चालवत होते, रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न देत. कितीतरी महिन्यांनी दादा स्वतःच्या ऑटोत मागे बसला होता. वहिनी सवयीनं पुटपुटतच होती. "समोर बैलबंडी हाय. डाव्या हाताले सायकलवाला."

"वहिनी, राहू द्या आता," मी म्हणाले. "चाचा पाहून राहिले ना."

दोन्ही बाजूंनी फुटलेली कपाशी मागे पळत होती. दादा मान वळवून बाहेर बघत होता. थोड्या वेळानं त्यानं हातानं चाचपत वहिनीचा हात शोधला.

"थांबली कावून? बोल ना," तो म्हणाला. "चालत्या गाडीतून मले काईच दिसत नाई."

वहिनीनं डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागली.