‘येते’ म्हटलं आणि बस थांबून राहिली

नवरा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी मुलगा मला मेलबर्नला घेऊन गेला, तेव्हाच मला त्याच्या बेताचा वास आला होता. महिनाभर त्यानं लाड केले आणि मग विषय काढला. श्रीवर्धनचं घर बंद करायचं, सुपारीची वाडी कुणाला तरी बघायला द्यायची आणि मी कायमचं त्याच्याकडे राहायचं. "एकटीला तुला जमणार नाही आई," तो म्हणाला. वाडीला पाणी कोण लावतं, सुपारी उतरवताना झाडाखाली कोण उभं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मुलगे मोठ्या पगाराला लागले की त्यांना आईचं वय जरा जास्तच दिसायला लागतं.

त्याच सुमारास आम्ही सगळे माझ्या भाचीकडे अ‍ॅडलेडला गेलो होतो, विमानानं. परतीच्या वेळी मी हटून बसले. तुम्ही विमानानं जा, मोठी बॅग न्या, मी एकटी जमिनीवरून येते. भाचीनं माहिती काढली. सकाळी बस, दुपारी मधल्या एका गावी उतरून रेल्वे, संध्याकाळी मेलबर्न. मुलगा आधी हसला, मग चिडला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. एकटीनं नीट पोचलीस तर श्रीवर्धनचं तिकीट काढतो. पण मध्ये काही घोळ झाला तर माझं ऐकायचं."

"व्हय," मी म्हटलं.

जाताना त्यानं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. भाचीनं वाचून दाखवलं. ही माझी आई, हिला इंग्रजी येत नाही, हरवली तर या नंबरावर फोन करा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एसटीनं म्हसळा, माणगाव, अलिबाग करण्यात आयुष्य गेलं माझं, आणि हे असलं बालवाडीचं कार्ड. बशीत बसल्याबरोबर मी ते समोरच्या सीटच्या खिशात कोंबलं आणि तिथेच राहू दिलं.

म्हसळ्याच्या वळणांची सवय, म्हणून लिंबू हुंगायला घेऊन बसले होते. तीन तास झाले तरी वळणच येईना. दोन्हीकडे कापलेल्या गव्हाची पिवळी जमीन, मध्येच एखादं झाड. कंडक्टर नाही, घंटी नाही. शेजारचे म्हातारे गृहस्थ लिंबाकडे बघत होते, म्हणून त्यांनाही हुंगायला दिलं. त्यांनी हुंगून, मान डोलवून परत केलं. मला तो माणूस आवडला. वाटेत एके ठिकाणी ड्रायव्हर बदलला, नवीन बाबा उंचापुरा, लाल तोंडाचा.

मला उतरायचं ते गाव आलं. नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. बस तिथे थोडी थांबून दुसरीकडे जाणार होती. मी पिशवी खांद्याला लावली आणि उतरताना ड्रायव्हरला नमस्कार केला. न बोलता उतरायचं आपल्याकडे रीतीत बसत नाही. येते म्हणजे कम, एवढं इंग्रजी मला येत होतं. "आय कम," मी म्हटलं. "नो वरीज," तो म्हणाला.

पलीकडेच स्टेशन होतं. तिकीट दाखवून फलाट विचारला, बाकावर बसले, पोळीचा रोल खाल्ला. गाडीला पंधरा मिनिटं असताना फोन वाजला.

"आई, कुठे आहेस तू? बस तुझ्यासाठी खोळंबली आहे. ड्रायव्हरला सीटच्या खिशात कार्ड सापडलं. तो म्हणतो, बाई येते म्हणून उतरली आणि आलीच नाही."

मला हसू आलं आणि रागही आला, स्वतःचाच.

"म्हणजे झाला घोळ," मुलगा म्हणाला. "तिथेच बस. मी गाडी घेऊन निघतो."

"तू हलायचं न्हाय," मी म्हटलं. "बस माझ्यासाठी थांबलीय, मी कुणासाठी थांबले न्हाय. ऐक आता."

फोन तसाच हातात धरून मी बशीकडे गेले. ड्रायव्हर खाली उभा राहून डोळ्यांवर हात धरून रस्ता न्याहाळत होता. काचांमधून सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायचं एवढंच होतं की मी जाते आहे. पण हा शब्द मी उंबऱ्यावर कधी उच्चारला नव्हता. जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. नवऱ्याला जीपमध्ये घालून इस्पितळात नेलं तेव्हा त्यांनीही हात वर करून "येतो" म्हटलं होतं. मी चहाचं आधण ठेवून वाट बघत बसले. शब्दानं काही माणूस परत आला नाही. त्या शब्दाचा मला फार राग आहे.

"आय गो," मी मोठ्यानं म्हटलं आणि स्टेशनकडे बोट दाखवलं.

तो हसला, कार्ड माझ्या हातात दिलं आणि वर चढला. मी कार्ड तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि माझी गाडी पकडली, वेळेवर, माझ्याच सीटवर.

संध्याकाळी मेलबर्नच्या फलाटावर मुलगा उभा होता. चार दिवसांनी त्यानं तिकीट काढलं.

विमानतळावर तो पाया पडला आणि उभा राहिला, मी काय म्हणते ते ऐकायला.

"जाते," मी म्हटलं.

"आई, येते म्हण."

"येते म्हटलं की लोकं खोळंबतात रे. मी जाते. यायचं आता तू."