वीरपत्नीचं मंगळसूत्र

आमच्या घरात एक कपाट नुसतं शालींनी भरलेलं आहे. इतक्या शाली आहेत की घरात कुणाला थंडी वाजायची सोय नाही. दर डिसेंबरात त्यात एकीची भर पडते. आईला ती वीरपत्नी म्हणून मिळते. घरी आल्यावर तिची नीट घडी घालून कपाटात ठेवतात माझे बाबा, म्हणजे तिचा नवरा.

इथे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगून टाकते. बाबांचे थोरले भाऊ, ज्यांना मी मोठे बाबा म्हणते, ते एकाहत्तरच्या लढाईत गेले. आई तेव्हा त्यांची बायको होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढे घरातल्या मोठ्यांनी धाकट्या दिराशी तिचा पाट लावून दिला. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. त्याला ना वाजंत्री, ना वरात, ना पत्रिका. चार माणसं बसतात आणि उठतात, तोवर बाई पुन्हा सवाष्ण झालेली असते. त्या पाटानंतर मी झाले. मोठ्या बाबांना मी फक्त भिंतीवर पाहिलं आहे, हार घातलेले आणि माझ्यापेक्षा कितीतरी लहान.

बाबाही फौजेतच होते. त्याच लढाईत, दुसऱ्या आघाडीवर. ते परत आले, आणि परत आलेल्या माणसाला कुणी हार घालत नाही. लढाई थांबल्यावर त्यांना सीमेवरच्या शेतांत पेरलेले सुरुंग काढायच्या कामावर लावलं होतं. तिथे त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. पण तेव्हा लढाई संपलेली होती, त्यामुळे ही जखम कुणाच्या भाषणात बसत नाही. नोकरी सुटल्यावर त्यांनी हिंगण्याच्या एका कारखान्याच्या गेटवर चौकीदारी केली. तिथे सगळीकडे सिमेंट होतं, म्हणून ती त्यांना मानवली.

कारण मोकळ्या जमिनीवर बाबा चालत नाहीत. गावच्या वावरात गेले तर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून जातात, नाहीतर कुणाच्या तरी मागे, त्याच्या पावलावर नेमकं पाऊल ठेवून. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. मी पुढे वाकडीतिकडी उड्या मारत जायची आणि ते घामाघूम होऊन तसेच मागे यायचे. आई धुऱ्यावरून ओरडायची, "सरळ चाल वं पोरी!" एवढ्याशा गोष्टीला ती का ओरडते, ते मला कळायचं नाही.

आमचं गाव खाप्याच्या थोडं पुढे आहे. तिथल्या शाळेत दर वर्षी मोठ्या बाबांचा स्मृतिदिन होतो. आई स्टेजवर बसते आणि बाबा मांडवात अगदी मागच्या रांगेत. गेल्या डिसेंबरात तिथे मोठ्या बाबांचा पुतळा बसणार होता आणि अनावरण आईच्या हातून होतं. कार्यक्रमाच्या आधी स्मृतिदिनाच्या समितीतल्या एकांचा मला फोन आला. बोलणं अगदी साखरेत घोळलेलं.

"ताई, यंदा बाहेरचे पाहुणे आहेत. फोटो पेपरात जाईन. आईले फक्त एवढं सांगा, का मंगळसूत्र जरासं पदराखाली ठेवा. लोक पाहतात अन् मग विचारतात. कोणाकोणाले समजावून सांगाव?"

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "मग बाबांनाही पदराखाली झाकूनच आणते." पलीकडचा माणूस हसला. मी फोन ठेवून दिला.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि बाबा बाजूला खाटेवर. मी तणतणत सगळं सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "मी नाही जात. त्याहिनं दुसरी कोणी पाहावी." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणीतरी हे बोलायला हवं होतं.

"जा लागते," बाबा म्हणाले.

"काहून जा लागते? मले तुमच्या दादाचा चेहरा आठवत नाही. फोटो पाहून पाहून आता फोटोच आठवते. दोन सुट्ट्या राह्यला तो माणूस माह्यासंग. अन् ज्याच्यासंग जिंदगी गेली, तो मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवते."

बाबा खाटेवरून उठून तिच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून ते खाली कधी बसत नाहीत.

"दादाचं वावर माह्या नावावर आलं," ते म्हणाले. "दादाचं घर मले भेटलं. तूही माह्या घरी आली. माह्यं काय गेलं? दोन बोटं. सालातून एक दिवस तू त्याची म्हणून बस ना वं. तेवढंही नाही दिलं, तर मी भावाले लुबाडलं असंच झालं."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी भीती आली. इतकी वर्षं मला वाटायचं की गावाने बाबांना मागच्या रांगेत बसवलं आहे. ते स्वतःच तिथे जाऊन बसत होते. ज्या घरात मी वाढले, त्या घरात ते पाहुण्यासारखे राहिले होते, आणि हे मला मुलगी असून दिसलं नव्हतं. आईने हातातली शेंग सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "जाते."

कार्यक्रमाला ती फिकट रंगाची साडी नेसली. पदर दोन्ही खांद्यांवरून गळ्याशी घट्ट ओढून घेतला. पुतळ्यावरचं कापड तिने दूर केलं, तर आतला माणूस आमच्या घरातल्या कुणासारखाच दिसत नव्हता. नाक तर सरळसरळ एखाद्या पुढाऱ्याचं वाटत होतं. मग भाषणं झाली. एक वक्ते गहिवरून म्हणाले, "या माउलीनं अवघं आयुष्य पतीच्या आठवणीवर काढलं." मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत होते, सगळ्यांपेक्षा जोरात. उठून जावं आणि त्यांचे हात धरावेत, असं मला वाटलं.

नंतर आईला हार घालायला बोलावलं. चौथरा उंच होता. तिने टाचा उचलून दोन्ही हात वर केले आणि पदर गळ्यावरून घसरला. काळे मणी सगळ्या मांडवाला दिसले. समितीतले ते गृहस्थ बाजूने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून तिला खुणावू लागले. आईने ती खूण पाहिली. हार नीट केला, मग लोकांकडे तोंड करून उभी राहिली. पदर तिने सावरला नाही. फोटोवाल्याने फोटो काढला. लाउडस्पीकरवर पुढच्या पाहुण्याचं नाव पुकारलं गेलं.

बाबांनी मात्र मान खाली घातली होती. चोरीचा माल सापडल्यावर माणूस घालतो, तशी.

निघताना पाहुण्यांच्या गाड्यांनी शाळेचं फाटक अडवलं होतं. आमची गाडी मागच्या रस्त्यावर होती, आणि मध्ये पडीत जमीन, गुडघाभर वाळलेलं गवत. नवी शाल काखेत मारून आई तरातरा पुढे निघाली. तिच्या मागे तिच्या पावलांवर पाऊल ठेवत बाबा, आणि शेवटी मी. अर्ध्यात आल्यावर आई थांबली.

"मान खाली काहून घातली?"

बाबांनी तिने सोडलेल्या जागी पाऊल जुळवून ठेवलं.

"तुम्ही म्हटलं म्हणून झाकलं होतं. मंग तुमच्यासाठीच उघडं ठेवलं. अन् तुम्ही खाली पाह्यलं."

"दादा पाहून राह्यला होता," बाबा म्हणाले.

तो पुढाऱ्याच्या नाकाचा पुतळा माझ्या डोळ्यांसमोर आला. हसावं की रडावं, कळेना. आई त्यांच्याकडे वळली.

"माह्या मागं नका येऊ. बाजूनं चाला."

बाबांनी बाजूच्या गवताकडे पाहिलं. डावा पाय उचलला, तो तसाच वर राहिला, आणि पुन्हा होता तिथेच टेकला. बाबा, इथे काही नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि त्याचा उपयोग नव्हता.

आईने शाल माझ्या हातात दिली. ती मागे आली, बाबांच्या बाजूच्या गवतात शिरली आणि चपलेने गवत तुडवू लागली. एका माणसापुरती जागा झाली. त्यातून ती पलीकडे सरकली.

"झालं. ठेवा आता पाय."

बाबांनी पाय ठेवला. तिने पुढची जागा तुडवली, मग शेजारी स्वतःसाठी एक. गाडी समोरच दिसत होती, पण पोचायला आम्हाला फार वेळ लागला. दर पावलाला आई आधी गवत तुडवायची, बाबा तिथे पाय ठेवायचे, आणि मग ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहायची.