मोरांच्या पिल्लांची शिडी

"आबा, तुम्ही निघू नका. आम्हीच येतोय," असा संजयचा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांना दाणे टाकत होतो. संजय माझा मुलगा, कोरेगाव भीमाला एका कारखान्यात आहे. त्याची आई दौंडच्या दवाखान्यात होती आणि मी तिच्याच सांगण्यावरून आदल्या दिवशी मांडवगण फराट्याला घरी आलो होतो. "कोंबड्या उपाशी असतील. जा बघू तुम्ही, मला काय होतंय?" असं म्हणून तिनं मला जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. निघू नका, आम्हीच येतोय... एवढ्यावरून मला काय ते कळलं. ओंजळीतले दाणे मात्र मी टाकून संपवले. त्यासाठीच तर तिनं मला पाठवलं होतं.

तिचं नाव कमल. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही, 'अगं' म्हटलं की भागायचं. आता लिहायला बसलोय तर नाव लिहायला बरं वाटतंय. जाऊन महिना झाला. भेटायला येणारे लोक म्हणतात, फार सोशीक बाई होती. मी मान हलवतो. पण सोशीक वगैरे काही नव्हती ती. एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की नवरा, सासू, रेल्वे, कुणाचं म्हणून चालायचं नाही. हे सगळ्यात आधी मला कळलं ते मोराच्या पिल्लांमुळं.

आमचं लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या जरा आधीचं. मी दौंडला रेल्वेत होतो, केबिनमध्ये सिग्नलचे खटके ओढायचो, आणि कमल मांडवगणला माझ्या आईपाशी. क्वार्टरसाठी नंबर लावला होता, पण तो काही पुढं सरकत नव्हता. पंधरा दिवसांनी सुट्टी मिळाली की नावेतून भीमा ओलांडायची, घरी यायचं, बायकोचं तोंड बघायचं आणि परत फिरायचं. केबिनमधली मंडळी चिडवायची, "तुझं लग्न झालंय का नुसता साखरपुडा?" मला हसू यायचं, पण आतून फार एकटं वाटायचं.

दुष्काळात आमच्या शिवारातले मोर विहिरीवर माणसांच्या पायांशी पाणी प्यायला यायचे. पुष्कळ मेले. पुढच्या साली पाऊस बरा झाला, बाजरी उभी राहिली, तेव्हा ओढ्याकाठी एखादी लांडोर दिसली तरी खुरपणाऱ्या बाया हातातलं काम थांबवायच्या. अशीच एक लांडोर आमच्या बाजरीत अंड्यांवर बसली होती आणि तिला कुत्र्यांनी धरलं. कमल खुरपं घेऊन धावली, पण उशीर झाला होता. पाच अंडी तेवढी राहिली होती, अजून उबदार. पदराच्या ओट्यात घालून ती घरी आली आणि आमची एक कोंबडी खुडूक बसली होती तिच्याखाली तिनं ती ठेवली.

एवढं ठीक झालं होतं. पण माझी आई काटकसरी बाई. एका कोंबडीखाली पाचच अंडी, बाकी जागा रिकामी, हे तिच्यानं बघवेना. तिनं गुपचूप आमच्याच कोंबड्यांची चार अंडी त्यात सारली. मी सुट्टीवर आलो तो नेमका पुढचा गोंधळ झाला त्या दिवशी. दारात पाऊल टाकतो तर चार पिवळी पिल्लं घेऊन कोंबडी अंगणात मिरवतेय, आई पायरीवर तोंड पाडून बसलीय आणि कमल चुलीपाशी, भर उकाड्यात, माझा रेल्वेचा गरम कोट मांडीवर घेऊन.

"माझा कोट का काढला?" मी विचारलं.

"आत मोराची अंडी हायती. आता मागू नका," ती म्हणाली.

कोंबडीची पिल्लं तीन आठवड्यांत निघतात, मोराच्या अंड्यांना आणखी आठवडाभर ऊब लागते. पिल्लं निघाल्यावर कोंबडी कशाला बसून राहील? ती सकाळीच उठून गेली होती आणि दुपारी कमल शेतातून येईपर्यंत मोराची अंडी उघडी पडली होती. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला काय ठावं गं, मोराला जास्त दिस लागत्यात म्हनून?" कमलनं एका शब्दानं तिला दोष दिला नाही. तिनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि एकेक अंडं अलगद त्यात सोडलं. पहिलं नुसतंच तरंगत राहिलं. दुसरंही तसंच. तिसरं सोडलं आणि... जरासं हललं. वारा नाही, धक्का नाही, आपलं आपणच. आतल्या पिल्लानं अंग हलवलं होतं. चौथं हललं, पाचवंही हललं. कमलनं माझ्याकडं पाहिलं, डोळे भरले होते. त्या क्षणी मला ती जितकी आवडली तितकी लग्नातही आवडली नव्हती.

पण मांडीवर आठवडाभर अंडी कोण सांभाळणार? दुसरी खुडूक कोंबडी हवी होती. ती होती सोनाबाईंकडं. सोनाबाई बौद्धवस्तीतल्या, आमच्याकडं खुरपणीला यायच्या. आईचं त्यांच्याशी एरवी बोलणं चालायचं, पण ती त्या वस्तीत कधी गेली नव्हती, काम असलं की निरोप धाडायची. त्या दिवशी मी म्हटलं, मी जाऊन येतो. आई उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "तू नको. चूक माजी हाय, मीच मागते." ती एकटी गेली. बऱ्याच वेळानं दोघी बरोबर आल्या. सोनाबाईंच्या काखेत कोंबडी होती.

"चार दिस झालं, दगडावर बसलीया," सोनाबाई म्हणाल्या. "म्या उठवती, ही परत बसती. हिला काय, बसायला मिळाल्याशी कारन."

"पिल्लं निघाली की तुमची कोंबडी आनून देते, मावशी," कमल म्हणाली.

"दे की सावकाश. आन् पिल्लांना तुमच्या कोंबड्यांच्या जागंत सोडू नगं. हगवन लागती, पंख गाळून बसत्यात."

तिन्ही पिल्लं निघाली. मी दौंडला होतो, पण पुढच्या खेपेला आलो तर घराची तऱ्हाच बदललेली. ओसरीच्या कोपऱ्यात नदीची कोरडी वाळू, तिच्यावर राख, वर डालं आणि त्याखाली सोनाबाईंची कोंबडी आणि तिच्या पंखातून डोकावणारी मातकट पिल्लं. डाल्याची जागा रोज बदलायची. जुन्या गोवऱ्या फोडून कमल वाळवी काढायची आणि पिल्लांपुढं झटकायची. उकडलेलं अंडं कुस्करून, कांद्याची पात अगदी बारीक चिरून. माझी भाकरी गार झाली तरी चालेल, पिल्लांची पात ताजी हवी! एकदा पावसाची सर एकदम आली, एक पिल्लू अंगणात भिजलं आणि दोन दिवसांत गेलं. कमल जेवली नाही. आईनं चिंचेखाली खड्डा करून ते पुरलं आणि मग दोघी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिल्या.

आणि अशात माझं क्वार्टर मिळालं. मी आनंदानं नाव गाठली, घरी येऊन सांगितलं, आवर, परवा निघायचं. कमलनं शांतपणे ऐकून घेतलं. "पिल्लं झाडावर झोपाय लागल्याबिगर मी येनार न्हाई," ती म्हणाली.

"अगं, किती दिवस वाट बघतोय मी!"

"मला का बघायची न्हाई व्हय? पन ह्यांची आय कोंबडी. ती खाली खुराड्यात झोपती, म्हनून ही पन खालीच झोपत्यात. कोंबडीला खुराडं पुरतं, मोराला न्हाई पुरत. उद्या रानात गेली आन् अशीच जमिनीवर झोपली, तर कुत्री एका रातीत खात्याल. त्यांच्या आयशीला खाल्लं तशी."

नवं क्वार्टर कुलूप लावून तसंच ठेवलं. केबिनमध्ये मंडळी विचारायची, "वहिनी कधी येणार?" मी म्हणायचो, "मोर झाडावर चढले की." सगळा दौंड स्टाफ माझ्यावर हसून घेत होता.

शिडी मीच केली. बांबूची, चांगली मजबूत. कमलनं ती पाहिली आणि म्हणाली, "ही मानसाची झाली. कोंबडी काय टांगा टाकीत चढनार हाय?" मग मी सगळ्या पायऱ्या सोडल्या आणि वीत-वीत अंतरावर पुन्हा बांधल्या. माणसाला तिचा काही उपयोग नाही, पाऊल मावत नाही. ती चिंचेला तिरकी लावली. दिवस कलला की कमल त्यांच्या वेगळ्या खुराड्याचं दार लावून टाकायची आणि शिडीच्या पायऱ्यांवर बाजरीचे दाणे ठेवायची. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या, मग तीन, मग चार. कोंबडी दाणे टिपत वर सरकायची, तिच्यामागं पिल्लं, आणि खाली कमल हात पुढं करून उभी. मध्येच कोंबडी कंटाळून खाली उडी मारायची की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण एका सुट्टीला मी आलो तेव्हा कोंबडी आणि दोन्ही पिल्लं फांदीवर ओळीनं बसलेली. मी म्हटलं, "झालं की! आता चल."

"न्हाई," ती म्हणाली. "शिडी काढली आन् तरी वर गेली, तर म्हनायचं झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः शिडी काढून भिंतीला टेकवली. संध्याकाळी पिल्लं खाली घुटमळली, चिंचेकडं मान वाकडी करून बघितलं आणि फडफडत थेट फांदीवर गेली. कोंबडी खालीच कलकलत राहिली. कमल हसली, आणि लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी विचारलं, "आता काय झालं?" तर म्हणाली, "काय न्हाई. आता जायाचं ना..." सकाळी सोनाबाईंची कोंबडी परत देऊन ती माझ्याबरोबर दौंडला आली, तो गरम कोट पिशवीत घेऊन. त्याला कोंबडीचा वास येत होता, मी थंडीभर तसाच घातला.

पिल्लांमधला एक मोर निघाला, एक लांडोर. पुढं दोघंही ओढ्याकडच्या थव्यात मिसळली. आई सांगायची, मोर अजून चिंचेवर येतो. संजय दौंडच्याच क्वार्टरमध्ये वाढला. मी निवृत्त झालो, आम्ही मांडवगणला परत आलो आणि पहिल्याच आठवड्यात कमलनं माळ्यावरची शिडी काढून पुन्हा चिंचेला लावली. मी म्हटलं, आता कुणासाठी? "असू द्या. तुमचं काय खातीय?" तेव्हापासून आमच्या कोंबड्या शिडीवरून चिंचेवर झोपायला जातात. बांबू दोनदा बदलले, पायऱ्यांचं अंतर तेच ठेवलं. रोज कलत्या उन्हात ती पायऱ्यांवर दाणे ठेवायची, दवाखान्यात गेली त्या दिवसापर्यंत.

आता मी ठेवतो. मला तिची फार आठवण येते, आणि त्या वेळेला सगळ्यात जास्त.

संजय दर रविवारी येतो. "आबा, चला आता कोरेगावला. खोली रिकामी आहे, इथं एकटे काय करताय?" पोरगं मनापासून म्हणतं, सूनही चांगली आहे. मी म्हणतो, येतो रे, येतो. त्याला शिडीची गोष्ट ठाऊक आहे, त्याच्या आईनं शंभरदा सांगितलेली. गेल्या रविवारी जाताना तो चिंचेखाली थांबला. शिडीला हात लावला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं आबा, पुढच्या रविवारी येतो."

तो गेल्यावर मी दाणे ठेवले. कोंबड्या चढून गेल्या. शिडी मी अजून काढलेली नाही.