ढगमास्तरांचा कोरा रकाना

ढगमास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. डोंगरावरच्या हवामान केंद्रात ते एकटे निरीक्षक होते. खालच्या वस्तीतल्या लोकांच्या तोंडात ‘निरीक्षक’ काही बसेना, म्हणून कुणीतरी त्यांना मास्तर करून टाकलं आणि दुसऱ्या कुणी पुढे ढग जोडला. नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको आपोआप ढगमास्तरीण झाली. मुली तीन. थोरली, मधली, धाकटी एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

काम सांगायला सोपं. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, दोन वेळा अंगणातल्या तारेच्या कुंपणात जायचं. झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडून चार तापमापक वाचायचे, पावसाच्या डब्यातलं पाणी मोजायचं, वारा बघायचा, मान वर करून आभाळात ढग किती ते ठरवायचं, सगळं वहीत लिहायचं आणि शहरातल्या मुख्य कचेरीला फोनवर सांगायचं. जेमतेम दहा मिनिटांचं काम, पण ते वर्षातला एकही दिवस चुकवायचं नाही आणि दुसऱ्या कुणावर सोपवायचं नाही. बदली माणूस मागितला की कचेरी म्हणायची, “पाठवतो.” अकरा वर्षं झाली, ती अजून पाठवतेच आहे.

त्यामुळे हे कुटुंब एकत्र असं कधी कुठे गेलंच नव्हतं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांमध्ये नऊ तास, त्यात माणूस जाऊन जाऊन कुठे जाणार? वस्तीत उतरायचं, साबण, भाजी, रॉकेल घ्यायचं आणि धापा टाकत वर यायचं. मास्तरीण माहेरी जायची ती मुलींचं लटांबर घेऊन एकटी. तिच्या भावाच्या लग्नातल्या एकाही फोटोत तिचा नवरा नाही. धाकटीच्या जन्माची गोष्ट तर ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. धाकटी घरातच झाली, पाच वाजून दहा मिनिटांनी. मास्तरांनी पोरीचं तोंड पाहिलं, डोळे पुसले, घड्याळ पाहिलं आणि बाहेर गेले.

“मी इकडे मरणाच्या दारातून परत आले, आणि ह्यांना वारा कुठून येतोय याची पडलेली!”

त्या दिवशी वारा कुठून होता हे मास्तरांना अजून पाठ होतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

पावसाळ्यात डोंगर ढगात बुडून जायचा. दारापासून पेटी पन्नास पावलांवर, पण धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसायचा नाही. म्हणून मास्तरांनी दारापासून कुंपणापर्यंत एक दोर बांधला होता. तो धरून जायचं, तो धरून यायचं. घरातली एकच खोली कोरडी, कचेरीची, कारण तिथे कागद म्हणून शेगडी. मग सरकारी नकाशांवर धाकटीचे झगे वाळत पडायचे. थंडीत ओल्या तापमापकाला गुंडाळलेली मलमलची चिंधी गोठून कडक व्हायची, आणि मधली उठल्या उठल्या विचारायची, “बाबा, चिंधी मेली का?” पुढे वाऱ्याचे दोन महिने. छपराचे पत्रे असे वाजायचे की साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. मग वारा पडायचा, पण ओरडायची सवय आठवडाभर जात नसे, आणि वर आलेल्या पोस्टमनला वाटायचं, घरात कडाक्याचं भांडण चाललंय. उन्हाळा त्यातल्या त्यात बरा. कुंपणातलं गवत बोटभरच ठेवायचा नियम होता. तिघी ओळीनं बसून ते उपटायच्या, आणि धाकटी गवताबरोबर मधलीचे केसही उपटायची.

थोरलीचं मात्र सगळंच निराळं. पाचव्या वर्षी ती स्टुलावर चढून पारा वाचायला शिकली. “डोळा पाऱ्याच्या बरोबरीत. श्वास बाजूला सोड, नाहीतर काचेला तू तापवशील,” मास्तर सांगायचे, आणि ती गाल फुगवून श्वास धरून उभी राहायची. आकडे ती शाळेच्या आधी इथेच शिकली. अक्षराचं वळणही बापाचंच. मास्तर तिच्यावर जीव टाकत. तिघींवर टाकत, पण थोरलीवर जरा जास्त, आणि हे लपवायची अक्कल त्यांना नव्हती.

आता थोरली चौथीत होती आणि वस्तीतली शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा शहरात, बसने पाच तास. मास्तरांची शहरात बदली झाली तर सगळेच जातील. नाही झाली तर थोरलीला आत्याकडे ठेवायचं. आत्या, म्हणजे मास्तरांची मोठी बहीण, वाईट नव्हती. मूलबाळ नव्हतं, घर आरशासारखं लख्ख, आणि त्या घरात चमच्यालासुद्धा ठरलेली जागा. तिने पोरीसाठी पलंगही करून घेतला होता. “तू कशाला काळजी करतोस?” ती भावाला फोनवर म्हणाली. “मी तिला माझीच म्हणून वाढवीन.”

हेच तर मास्तरीणबाईंच्या काळजाला लागलं. “माझीच म्हणून म्हणे! अहो, दहाव्या वर्षी घराबाहेर पडलेली पोर परत येते ती पाहुणी होऊन. मला ती पाहुणी नकोय.”

मास्तरांनी बदलीचे तीन अर्ज केले. तिसऱ्याचंही उत्तर आलं नाही तेव्हा त्यांनी आकडे सांगून झाल्यावर फोनवरच्या कारकुनाला हळूच विचारलं. कारकुनाचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण अकरा वर्षं दिवसातून दोनदा बोलणारा माणूस सख्ख्यासारखाच होतो.

“मास्तर, खरं सांगू? तुमची बदली या जन्मात नाही,” कारकून म्हणाला. “अकरा वर्षांत एक रकाना कोरा नाही. साहेब पाहुण्यांना तुमच्या वह्या दाखवतात. असा माणूस कोण हलवील? तुमच्या आधीचा बघा, आठवड्याला दोन रकाने कोरे सोडायचा. वर्षाच्या आत साहेबांनी त्याला खाली आणून आपल्या डोळ्यांसमोरच्या टेबलाला जुंपला.”

“शिक्षा म्हणून?”

“शिक्षा म्हणूनच. तेव्हापासून साहेबांनी नियमच केलाय. एक रकाना कोरा, की माणूस खाली. बदल्यांची यादी पंधरवड्यात निघेल. बघा बाबा, मी काही बोललो नाही.”

मास्तरांनी फोन ठेवला. म्हणजे इमान राखलं म्हणूनच आपण अडकलो. ज्याने कामाची वाट लावली तो शहरात, आणि आपण आपल्याच हातांनी, आकड्यावर आकडा रचून, स्वतःला इथे चिणून घेतलं. त्यांना मनापासून राग आला. कुणाचा ते मात्र कळेना.

खोटा आकडा लिहिणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. पण कोरा रकाना खोटा नसतो. नवरा-बायकोनं ठरवलं, मंगळवारी संध्याकाळी चुकवायचं. मुलींना सांगायचं नाही, कारण मधलीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. तिला कळलं की पोस्टमनला कळणार आणि पोस्टमनकडून कचेरीला. आता मधलीला नाही तर थोरलीलाही नाही, असा सरळ हिशेब त्यांनी केला. इतकी वर्षं ढग ओळखणाऱ्या माणसाला घरातली एक पोर ओळखता आली नाही, याला काय म्हणावं?

मंगळवार आला. दुसऱ्या दिवशी थोरलीची परीक्षा होती. ती पुस्तकात डोकं घालून बसली होती, तिला घरीच ठेवून बाकीचे चौघं वस्तीत उतरले. परत येताना शेवटच्या वळणावर मास्तर मुद्दाम कठड्यावर बसले. पाच वाजून वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली.

“बाबा, साडेपाच होतील!” मधली किंचाळली.

“गप्प बस, चॉकलेट खा,” मास्तरीण म्हणाली. मधलीला न मागता चॉकलेट मिळाल्याची ही पहिलीच वेळ. ती चकित होऊन गप्प झाली.

साडेपाच झाले. बायकोनं मास्तरांचे हात आपल्या हातात घेतले, भर रस्त्यात, मुलींच्या देखत. पावणेसहा झाले आणि आभाळ काही कोसळलं नाही. समोर सूर्य उतरत होता आणि मास्तर तो नुसता बघत होते, ढग किती आणि कसले हे न ठरवता. त्यांना भीती वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं. शहरात घर घेऊ, दोनच खोल्या असल्या तरी चालतील, मास्तरीण बोलत होती. रविवारी सगळे मिळून बाहेर पडू, संध्याकाळ झाली तरी परतायचं नाही. मास्तर मान हलवत होते. धाकटी त्यांच्या मांडीवर झोपून गेली.

सव्वासहाला ते घरी पोचले. थोरली फाटकातच उभी होती. चेहरा लाल, घामेजलेला, आणि डोळ्यांत पाणी.

“बाबा, किती उशीर! मला वाटलं तुम्हाला काही झालं.” मग तिनं डोळे पुसले आणि ती हसली. “पण तुम्ही काळजी करू नका. मी घेतले. पेटीतले चारही घेतले, वारापण, ढगपण. वहीत लिहिलं आणि फोन केला. कचेरीतल्या काकांनी आधी विचारलं, बाबा कुठायत. मी म्हटलं, येताहेत, तुम्ही लिहून घ्या. त्यांनी घेतलं लिहून.”

मास्तरीण सामानाची पिशवी तशीच घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि आत एक पातेलं जोरात आपटलं. मास्तरांनी वही उघडली. पाच तीस. आकडे नीट, दशांशापर्यंत. अक्षर इतकं त्यांचंच, की क्षणभर त्यांनाच वाटलं, आपणच लिहून गेलो होतो की काय.

“बरोबर आहे ना?” थोरलीनं विचारलं. “मी श्वास धरला होता.”

“शाबास,” मास्तर म्हणाले. आणि त्यांनी वही मिटली.

मुली झोपल्यावर बायको म्हणाली, “सांगून टाका तिला.”

“काय सांगू? तू चुकलीस म्हणून? ती चुकली नाही. मी जे शिकवलं तेच तिनं केलं. आणि आपल्यामुळे सगळं हुकलं हे ओझं घेऊन ती आत्याकडे जाईल. ते नको. तू पण बोलायचं नाहीस, माझी शपथ आहे.”

अजून दिवस हातात होते, नाही असं नाही. शुक्रवारी मास्तर पोटात कळ आली म्हणून पाचलाच पांघरूण घेऊन पडले. थोरलीनं त्यांना ओव्याचं पाणी करून दिलं, कपाळाला हात लावून बघितला आणि पाच पंचविसाला स्टूल उचलून बाहेर गेली. त्यानंतर तर तिनं पहाराच बसवला. बाबा आता विसरायला लागलेत, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं आधी ती येऊन त्यांचं बोट धरायची आणि म्हणायची, “चला.” बाप निमूट उठायचा. जेलरला कैदी एवढा मानत नसेल.

पंधरवड्यानं पाकीट आलं. यादीत त्यांचं नाव नव्हतं. वेगळं पत्र होतं, साहेबांच्या सहीचं. निरीक्षकाच्या अनुपस्थितीत त्याच्या कन्येनेही नोंद खंडित होऊ दिली नाही, ही बाब अभिमानाची आहे. सबब हे केंद्र पुढील पाच वर्षे त्यांच्याकडेच ठेवण्यात येत आहे. थोरलीनं ते मोठ्यानं वाचलं, ‘कन्येनेही’ वर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि उडी मारली. मग शेवटची ओळ तिच्या ध्यानात आली आणि ती हळूच म्हणाली, “म्हणजे मी आत्याकडे.”

“हो,” मास्तरीण म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

आत्या न्यायला आली ती निघायच्या आदल्या दिवशीच. बस नऊला, वस्तीत उतरायला अर्धा तास, म्हणजे निघायचं साडेआठच्या ठोक्याला. आई आणि बहिणी बसपर्यंत जाणार होत्या. ट्रंक पोस्टमननं सकाळीच खाली नेली होती. मास्तर फाटकापर्यंत आले. वही काखेत होती.

थोरली रडली नाही. नव्या बुटांत ती उंच दिसत होती. तिनं बापाच्या शर्टाची वरची गुंडी लावली.

“बाबा, आता विसरू नका हं. एकदा विसरला होतात. तेव्हा मी होते म्हणून.”

“नाही विसरणार.”

“मधलीला सांगितलंय आठवण करायला, पण ती खेळत बसते. तुम्हीच लक्ष ठेवा.”

“ठेवीन.”

“मग जा ना. अठ्ठावीस झाली.” तिनं दोन्ही हातांनी त्यांना वळवलं आणि पाठीवर हात ठेवून कुंपणाकडे ढकललं.

मास्तर चालू लागले. पेटीपाशी पोचून त्यांनी मागे पाहिलं. आत्या, आई, बहिणी उताराला लागल्या होत्या. थोरली तेवढी फाटक धरून उभी होती. ते दार उघडतात की नाही हे बघितल्याशिवाय ती हलणार नव्हती. मास्तरांनी कडीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. जोवर दार बंद आहे तोवर ती तिथे आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

“बाबा!” फाटकातून हाक आली. “एकतीस झाली!”

मास्तरांनी दार उघडलं.