हाकेच्या अंतरावर एक फादर होता

माझी बायको फादरांपुढे शेवटचं पापनिवेदन न करता गेली, हे आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांवर, सगळ्यांना माहीत आहे. "फादरांना यायला उशीर झाला, त्याला मास्तर काय करणार," असं लोक म्हणतात आणि मी मान हलवतो. ती मान हलवणं खोटं आहे. ते आता लिहून टाकतो, कारण तोंडाने सांगायला मला जमलेलं नाही.

शेळगावच्या पलीकडे कालव्याच्या कडेला आम्हा कॅथलिकांची मोजकी घरं आहेत. मी तिथला प्रचारक. फादर नसताना रविवारी प्रार्थना चालवायची, पोरांना धर्मशिक्षण द्यायचं, कुणी अंथरुणाला खिळलं की फादरांना निरोप धाडायचा, हे माझं काम. त्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात, शाळेत मी कधी शिकवलेलं नसलं तरी.

माझ्या तरुणपणी धर्मग्रामात दोन फादर असायचे आणि एखादा नवशिका मदतीला. आता एकच आहेत. ते परराज्यातले, पुस्तकातून मराठी शिकलेले. बारामतीकडची घरं त्यांची, इंदापूरकडची त्यांची, शिवाय भीमेच्या काठची दोन ठिकाणं. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे फादरांची वेदीवरची उपासना, महिन्यातून एकदा, तीही शनिवारी, कारण रविवार त्यांना पुरत नाही. मिस्सा संपली की वेदीवरचा कपडा घडी करतानाच ते हेल्मेट शोधत असतात. मी त्यांना दोष देत नाही.

मधल्या काळात आमच्याकडे एक फादर होते, आमच्यातलेच, पिंपळीच्या बाजूचे. आजवर आलेल्या फादरांमध्ये "हाय" आणि "न्हाय" म्हणणारे तेवढेच. प्रवचनात तोडल्यावर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या खोडव्याचं उदाहरण द्यायचे आणि बायका हसायच्या. माझ्या बायकोला त्यांचं फार कौतुक. त्यांच्यासाठी ती मुद्दाम तव्यावरची मिरची वाटून ठेवायची. पुढे त्यांचं आणि सिस्टरांच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचं मन जुळलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. वर अर्ज केला, बरीच वर्षं वाट पाहिली, रोमची परवानगी आली आणि मग लग्न केलं. जाण्याआधी आमच्या घरी आले.

"मास्तर, तुमच्या तोंडूनच कळावं लोकांना, म्हनून आलो," ते म्हणाले.

बायकोने चहा टाकला. मी बसलो नाही. "वेदीवर हात वर केला तुमी, त्याच हातानं आता पाळणा हलवणार का?" मी म्हणालो.

ते म्हणाले, "हलवीन की. त्यात वाईट काय हाय?"

"तर मग हितनं म्होरं ह्या उंबऱ्यात येऊ नका."

ते चहा न पिता गेले. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्यांनी इंदापुरात घर केलं आणि लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. माझा मुलगाही तिथेच. तिथली सगळी पोरं, हिंदू काय, मुसलमान काय, त्यांना फादरच म्हणायची. "फादर, आमची पापं राहू द्या, ओवरटाइम तेवढा माफ करू नका," अशी त्यांची थट्टा चालायची, आणि ते हसून "आधी हातमोजे परत कर" म्हणायचे. मुलगा हे घरी सांगायचा. मी ताट पुढे ओढून जेवायला लागायचो.

रविवारी ते बायको-मुलीला घेऊन प्रार्थनेला यायचे आणि मागच्या भिंतीशी बसायचे. त्यांना टाळायला सुरुवात मीच केली. मी वाचनासाठी माणसं निवडायचो, त्यांच्याकडे कधी पाहिलं नाही. बाहेर उभा राहून सगळ्यांचे हात हातात घ्यायचो, ते आले की चपला नीट लावायला वाकायचो. काही महिन्यांनी ते यायचे थांबले. मला बरं वाटलं.

बायकोच्या किडन्या गेल्या होत्या. बारामतीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आम्ही काय ते समजलो. घरी आणल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने हाक मारली.

"आवं, फादरला सांगावा धाडा. मला कन्फेशन करायचंय."

मी फोन लावला. फादर भीमेकाठी एका मयतीला गेलेले, दफन उरकून निघतो म्हणाले. तिला सांगितलं, येतील संध्याकाळपर्यंत.

"तवर मी न्हाय," ती म्हणाली. साधं, भाजी शिजली आहे असं सांगावं तसं.

"काय असंल ते मला सांग," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या अवस्थेतही तिला हसू आलं. "तुमाला सांगण्याजोगं असतं, तर फादर कशाला लागला असता?"

मी बाहेर ओट्यावर आलो. मुलगा गाडी पुसत उभा होता.

"आबा, त्यांची आज हप्त्याची सुट्टी हाय. घरीच असतील. जातो न् घिऊन येतो, किती येळ लागतोय?"

"कुणाला?"

"तुमाला ठाव हाय कुणाला."

"त्यो आता फादर न्हाय."

"तुमीच शिकिवलं की आमाला. मानूस मरणाच्या दारात असला तर दीक्षा घेतलेला कुनीबी चालतो. झगा काढलेला असला तरी."

हे खरं होतं. चर्चचा तसा नियमच आहे. धर्मगुरूपद सोडलेल्यालाही मरणाऱ्याचं पापनिवेदन ऐकता येतं, क्षमा देता येते, आणि ती क्षमा पक्की असते. मी तो नियम वर्गात शिकवलेला, पोरांकडून पाठ करून घेतलेला. नंतर लोकांनी गृहीत धरलं की त्या गडबडीत मास्तरांना तो सुचला नसेल. मला सुचला होता.

मग मी का अडलो? तेव्हा धर्माचं नाव पुढे केलं, पण धर्म नव्हता तो. ते आले असते तर मला माझ्याच घरात उठून बाहेर जावं लागलं असतं, दार ओढून घ्यावं लागलं असतं, आणि आत माझी बायको त्या माणसाला असं काही सांगणार होती जे मला सांगत नव्हती. त्यात कदाचित मीही असणार होतो. ज्याला मी उंबऱ्यावरून परत पाठवलं, त्याला माझ्या घरातलं आतलं कळणार. एवढंच होतं ते.

"त्यो मानूस ह्या घरात आला," मी म्हणालो, "तर मी घर सोडून जाईन."

"आबा, आई मरतीय."

"मग जा. आण. मी निघतो."

पोरगा गाडीवर बसला. किल्ली फिरवली नाही. हँडल धरून तसाच बसून राहिला, मग उतरून गोठ्यामागे गेला.

मी आत गेलो तेव्हा बायकोने तोंड भिंतीकडे केलं होतं. ओटा आणि खाट यांच्यामध्ये एक पत्र्याचं दार, तेही उघडं. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मी जपमाळ सुरू केली. ती नेहमी प्रत्येक प्रार्थनेचा दुसरा अर्धा भाग म्हणायची. त्या दिवशी दोन्ही भाग मीच म्हणत राहिलो. दुपारची उन्हं कलायच्या आत ती गेली.

फादर आले ते धुळीने माखलेले. तिच्या कपाळावर क्रूस काढून त्यांनी प्रार्थना म्हटली आणि माझा खांदा धरून म्हणाले, "मास्तर, आपण स्वतःला दोष देऊ नये. जवळपास कोणी धर्मगुरू उपलब्ध नव्हता."

मी मान हलवली. पहिल्यांदा तेव्हा.

मातीला इंदापूरचे ते जुने फादरही आले होते, कुंपणाबाहेर उभे होते. सगळे पांगल्यावर जवळ आले. "मास्तर, मी घरीच होतो की त्या दिवशी."

"मला ठाव नव्हतं," मी म्हणालो. मुलगा शेजारी उभा होता. तो खाली मातीकडे बघत राहिला.

आमच्याकडे पाचारणासाठी, म्हणजे नवे फादर मिळावेत म्हणून, दर वर्षी एका रविवारी खास प्रार्थना होते. प्रभू, तुझ्या मळ्यात कामकरी पाठव. ती प्रार्थना मी वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात चालवली. माझ्या मुलाने दहावीनंतर फादर व्हायला सेमिनरीत जायचं नाव काढलं, तेव्हा "एकच पोरगा हाय, फादर" असं सांगून त्याला आयटीआयला घातला तोही मीच. आता प्रत्येक घरात एक नाहीतर दोन पोरं. कुणाच्याच घरातून कुणी जात नाही आणि मला कुणाला विचारायला तोंड नाही.

फादरांना लग्नाची मोकळीक हवी का, यावर मी तावातावाने बोलायचो. बायकापोरांचा माणूस हाकेला कधी येणार, हा माझा मुद्दा. लग्न न केलेला एकटा पडला म्हणून हाकेला पोचला नाही आणि लग्न केलेला घरी मोकळा बसला होता, हे मी बघितलं. तरीही उद्या मोकळीक मिळाली तर सेमिनऱ्या भरतील असं मला वाटत नाही. शेजारच्या पंथाच्या पाळकांना बायको आहे, मुलं आहेत, आणि मुलांच्या शाळेसाठी ते पुण्याला निघून गेले. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. लग्न केलेले, न केलेले, आमच्या वस्तीवर यायला कुणी उरलेलंच नाही. आणि जो होता, त्याला आम्ही मागच्या भिंतीशीही टिकू दिलं नाही. आम्ही म्हणजे मी.

मी पापनिवेदन केलं. फादरांनी ऐकून घेतलं, क्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून जपमाळ सांगितली. मागे रांग होती. मला क्षमा मिळाली यावर माझा विश्वास आहे. तिला जे सांगायचं होतं ते तिच्याबरोबर मातीत गेलं, त्याला त्या क्षमेचा काय उपयोग?

गेल्या महिन्यात प्रार्थनेनंतर सगळ्यांना खरं सांगायला मी उभा राहिलो. समोर म्हाताऱ्या बायकाच होत्या बहुतेक. त्या माझ्याकडे इतक्या मायेने बघत होत्या की मी पुढच्या मिस्सेचा वार सांगितला आणि बसलो.

घरी येताना मुलाला म्हणालो, "माझी येळ आली की त्यांना आण. मी काय बी म्हनलो तरी ऐकू नगस."

त्याने गाडी बाजूला घेतली. "आबा, त्ये गेलं. पोरीला नोकरी लागली न्हवं नागपूरला. घर इकून गेलं सगळं बिऱ्हाड."

"फोन?"

"हाय की नंबर," तो म्हणाला. "पर नागपूरवरनं काय येत्यात ते, आबा?"

मग त्याने गाडी चालू केली आणि आम्ही घरी आलो.