झाडाखाली झाड

आमच्या ओसरीवर बिऱ्हाड करून राहिलेल्या मास्तरांना खराट्याशिवाय घराबाहेर पडलेलं कोणीच पाहिलेलं नसेल. नागपूर अजून राजधानी होतं, तेव्हाची गोष्ट. दुसरे मास्तर कुरखेड्याच्या बाजाराला छत्री घेऊन जात, हे खांद्यावर खराटा टाकून जात. वाटेत कोणी जळती बिडी फेकली की ती उचलून विझवत आणि धावत जाऊन त्याची त्याला परत देत. "भाऊ, तुमची राह्यली." माणूस ओशाळून बिडी कानावर खोचायचा. माझ्या स्वयंपाकावरही त्यांचं लक्ष असे. चुलीत चौथं लाकूड सारलं की ओसरीवरून आवाज यायचा, "बाई, तिनात भात शिजत नाई का?" शिजत असे. तरी मी चौथं सारायचीच. चूल माझी होती.

त्यांचं खरं भांडण होतं मोहाच्या दिवसांतल्या आगीशी. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि वाळल्या पाल्यात दिसत नाहीत, म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाला पेटवून देत. जमीन काळी, फूल पिवळं, वेचायला सोपं. ती आग मग हवी तिकडे जायची. मोहाखाली मोहाचं एक रोपटं कधी तगायचं नाही, पण त्याचं कोणाला काही वाटत नसे. मास्तरांना वाटे. ते बाया-माणसांना पाला झाडायला सांगत फिरत.

आमच्या शेजारच्या सगुणाबाईचे मोह सगळ्यांत जास्त, आणि जीभही. "मास्तर, खराट्यानं कुठी जंगल साफ होते का? एक काडी ओढली का काम झालं. तुम्ही आमच्या पोरायले शिकवून राह्यले का झाडझूड लावून राह्यले?"

"काडीनं तुमचं काम होते, बाई," मास्तर म्हणाले. "तुमच्या नातवाले वेचाले काय राह्यते?"

"नातू मले झाला तर त्याले इचारून सांगतो," असं म्हणून तिने काडी ओढली.

शाळा तात्पुरती मंजूर होती. चांद्याहून डिप्टीसाहेब तपासणीला येणार, मुलं शिकताना दिसली तर शाळा राहणार, नाहीतर बंद. आणि साहेबांनी यायला नेमका मोहाचा हंगाम निवडला. त्या दिवसांत पोरं पहाटेपासून फुलं वेचायला, शाळेत चिमण्यासुद्धा नसतात. मी मास्तरांना म्हटलं, "घरोघर जाऊन पोरं ओढून आणा." ते म्हणाले, "पोरं जिथी हायेत तिथीच शाळा नेतो." फळा डोक्यावर घेऊन ते आमच्या बांधावरच्या मोहाखाली गेले. फळ्यावर पहिला धडा लिहिला, 'झाडाखाली झाड.' मुलं तो घोकायची आणि खराटे चालवायची. फुलं वेचून झाली की पाढे.

साहेब रिकाम्या शाळेपुढे उभे राहून तापले आणि तापलेलेच मोहाखाली आले. मी भाकरी घेऊन गेले होते, म्हणून सगळं पाहिलं. फळा वाचून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे कसलं वाक्य? झाडाखाली झाड?" समोर सगुणाबाईची धाकटी मुलगी होती. तिला त्यांनी विचारलं, "सांग, झाड म्हणजे काय?"

"सांगू का करून दाखवू?" ती म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिने खराटा घेतला आणि साहेबांच्या बुटांभोवतीचा पाला साफ केला. "हे झाड."

"अगं, झाड हे नाम आहे!"

"नाम नाई साहेब, काम आहे."

साहेब हसले. आजूबाजूला वेचणाऱ्या बायाही हसल्या, सगुणाबाई तोंडावर पदर घेऊन. मास्तर तेवढे हसले नाहीत, ते साहेबांच्या विझवायच्या राहिलेल्या सिगारेटकडे पाहत होते.

शाळा राहिली. मास्तरांची मात्र बदली झाली; शाळा इमारतीत भरवायची असते, असं वरच्या कोणाचं मत पडलं. वडशाला जाताना ते खराटा आमच्या ओसरीवर ठेवून गेले. पुढच्या हंगामात सगुणाबाई तो मागायला आली. "पोरगी काडी ओढूच देत नाई," ती कुरकुरली, "मास्तरापेक्षा खोडील झाली." बाकी गावात कोणी झाडलं, कोणी पेटवलं. सगुणाबाईच्या मोहाखाली मात्र काही वर्षांनी गुडघ्याएवढी रोपं उभी राहिली, आणि ती त्यांना शिव्या देत, वळसा घालून झाडायची.

खराटा झिजून परत आला. आता त्याचा उपयोग सरपणाइतकाच. परवा चुलीत घालायला हातात घेतला, तर चुलीत आधीच तीन लाकडं होती. भात शिजत होता. खराटा पुन्हा ओसरीवर नेऊन ठेवला.