बस म्हणायचं नाही

आमच्या घरात सहा वर्षं 'बस' हा शब्द बंद आहे. ताटात वाढणाऱ्याला थांबवायचं असेल तर 'पुरे' म्हणायचं. पाहुणा आला तर 'बसा' म्हणायचं, आणि पाहुणा केवढाही असला तरी 'बसा'च म्हणायचं. एकदा बायकोच्या मैत्रिणीची पाच वर्षांची मुलगी आली होती. तिला सगळ्यांनी 'बसा' म्हटलं. घरी गेल्यावर ती आठवडाभर आईवडिलांशी नुसती मान हलवून बोलत होती म्हणे.

हा कायदा माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई चोपन्न वर्षांची. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. काच केसभर इकडेतिकडे झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, असं ती म्हणते, आणि या एका वाक्यावर तिचा सगळा स्वभाव उभा आहे. मी औषधांच्या खोक्यात घालायची घडीची पत्रकं छपाईआधी तपासतो. असली बारीक अक्षरं वाचून माझा चष्मा दर दोन वर्षांनी बदलतो. तो ताईच करून देते आणि दर वेळी म्हणते, "तुला कमी दिसत नाही, तू कमी बघतोस." लग्न तिनं केलं नाही. का, ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही. खालच्या मजल्यावर ती, वर मी आणि बायको, मागे थोडं अंगण. बरं चाललं होतं.

मग भोंगा आला. मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा कुत्रा, काळा-पांढरा, तीन वर्षांचा, आवाज नावाप्रमाणे. तो दुकानातल्या एका गिऱ्हाइकाचा. ते गृहस्थ नवा चष्मा करायला आले आणि म्हणाले, "जुना कुत्र्यानं खाल्ला." तिसऱ्या चष्म्यानंतर त्यांनी कुत्राच आणून दुकानाच्या दाराला बांधला. "दोन दिवस ठेवू," असं म्हणत ताई संध्याकाळी त्याला घरी घेऊन आली. त्या दोन दिवसांत त्यानं सोफ्याच्या पोटातला कापूस बाहेर काढला, प्रत्येक जोडातली एकेक चप्पल खाल्ली, आणि मेंढ्या नसल्यामुळे आम्हालाच हाकायला सुरुवात केली. मी आणि बायको वेगवेगळ्या खोल्यांत असलो की हा बेचैन. टाचांना नाक लावून ढकलत ढकलत दोघांना एका खोलीत आणायचा आणि दारात आडवा पडायचा. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या माणसांना हे झेपत नाही.

"त्याला काम नाही, म्हणून तो वेडा झालाय," ताई म्हणाली. "काम दिलं पाहिजे."

"माझं घे म्हणावं," मी म्हणालो.

ताईनं त्याला काम शोधलं. शहराबाहेरच्या मैदानावर महिन्यातून एकदा कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती होतात. मैदानाला दोरी लावलेली असते. आत उड्या मारायचे दांडे, कापडी बोगदा, डुलती फळी, नागमोडी जायला बारा खांब. कुत्र्यानं पळायचं, बरोबर माणसानं पळायचं आणि हातानं खुणा करायच्या. कुत्र्याला हात लावायचा नाही, आत खाऊ न्यायचा नाही, आणि कुत्रा दोरीबाहेर गेला की खेळ खलास. शर्यतीआधी माणसांना कुत्र्याशिवाय मार्ग पाहायला सोडतात. तेव्हा वीसपंचवीस शहाणीसुरती माणसं मोकळ्या मैदानात, शेजारी कोणी नसताना, "इकडे! शाब्बास! वळ!" असं ओरडत हातवारे करत फिरतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ताईला घेऊन घरी यावं असं मनापासून वाटलं होतं.

त्यानंतर घरातल्या वस्तू एकेक करून अंगणात गेल्या. पडद्यांचे दांडे गेले. नळकामातून उरलेले बारा पाइप जमिनीत रोवले गेले. वरच्या मजल्यावरच्या कोठीच्या खोलीचं दार मी कामावर असताना बिजागऱ्यांतून निघालं आणि त्याची डुलती फळी झाली. बायकोनं तक्रार करावी म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली, "कोठीला दार कशाला लागतं?" कुत्रा दमून झोपायला लागला होता, आणि आम्ही पुन्हा वेगवेगळ्या खोल्यांत बसू शकत होतो. त्या सुखापुढे दार काय चीज आहे.

शर्यत सुरू होण्याआधी कुत्र्यानं रेषेवर बसून राहावं लागतं. त्यासाठी ताईनं त्याला 'बस' शिकवलं. शिकवलं म्हणजे असं, की गाढ झोपेत असला तरी तो शब्द ऐकून उठून बसेल. आणि मग जेवायला बसल्यावर बायको मला वाढायची, मी म्हणायचो "बस", आणि टेबलाखाली धप्पकन आवाज व्हायचा.

"दुसरा शब्द शिकव ना त्याला," मी म्हणालो. "'टेक' म्हण. काहीही म्हण."

"तो शब्द आता त्याचा झालाय. त्याला एकच येतो, तुला ढीगभर येतात. तू बदल."

त्याला आदरार्थी बहुवचन कळत नव्हतं, म्हणून 'बसा' चालायचं. कायद्याचं दुसरं कलम जास्त कडक होतं. चुकून तोंडातून शब्द गेलाच, तर ज्यानं म्हटला त्यानं भोंग्याला खाऊ द्यायचा. "त्यानं सांगितलेलं केलं. चूक सांगणाऱ्याची. शब्द फुकट जाता कामा नये," असं ताईचं म्हणणं. त्यामुळे माझ्या खिशात कायम सुक्या मांसाचे तुकडे असायचे, आणि छापखान्यातला मुख्य माझी पत्रकं हातात घेताना नाक आक्रसायचा. हळूहळू जीभ वळणावर आली. दोन वर्षांत मी शब्दच विसरलो, असं मला वाटायचं.

आता भोंगा नऊ वर्षांचा झाला होता. वेळेत आणि एकही चूक न करता तीन फेऱ्या झाल्या की कुत्र्याला वरच्या गटात घेतात आणि तसं प्रमाणपत्र देतात, त्यावर कुत्र्याचं नाव आणि माणसाचं नाव. भोंग्याच्या दोन झाल्या होत्या. तिसरी दोन वर्षं हुलकावणी देत होती. कधी दांडा पडायचा, कधी अर्ध्या सेकंदानं वेळ जायची. त्यात या वेळी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा मागचा पाय दाबून पाहिला आणि सांगितलं, "या महिन्याची शर्यत करा. त्यानंतर उड्या बंद." ताईनं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि काचा घासायला निघून गेली. आमच्या घरात भिंतीवर माझी चार प्रमाणपत्रं आहेत. त्यातलं एक शाळेत वर्षभर हजर राहिल्याचं आहे. ताईचं एकही नाही. हे मला चोपन्न वर्षांत पहिल्यांदा खुपलं, म्हणजे मी जन्मल्यापासूनचं धरलं तर एकोणपन्नास.

म्हणून त्या दिवशी मीही गेलो. चांगला शर्ट घातला, इस्त्रीची पँट घातली. बायको म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका तिथं, म्हणजे झालं."

भोंग्याचा नंबर आला तेव्हा मी दोरीला चिकटून उभा होतो. शेजारी चहावाला किटली घेऊन फिरत होता. ताईनं रेषेवर भोंग्याला बसवलं, पुढे जाऊन उभी राहिली, आणि हात खाली केला. तो सुटला. मी ताईला पळताना कितीतरी वर्षांनी पाहत होतो. गुडघे दुखतात म्हणून जिना चढायचं टाळणारी ही बाई बोगद्याच्या कडेनं अशी पळाली की मला आपली बहीण ओळखू येईना. फळी झाली. बारा खांब झाले, एकही न चुकता. सतरा अडथळ्यांपैकी पंधरा झाले. दोन दांडे राहिले होते आणि नऊ सेकंद हातात होते. मी पुढे वाकून श्वास रोखून पाहत होतो. चहावाल्यानं मघाशी काय विचारलं होतं आणि मी काय मान हलवली होती, देव जाणे. माझ्या हातात पेला होता, तो भरत होता, आणि मग चटका बसला.

"बस, बस, बस!" मी ओरडलो.

उचलली जीभ लावली टाळ्याला. भोंगा सोळाव्या दांड्याच्या दोन हात अलीकडे बसला. ताठ, सुरेख, शिकवल्याप्रमाणे.

"भोंग्या, चल!" ताई म्हणाली. अजून वेळ होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हिशेब सरळ होता, शब्द मी म्हटला होता. तो उठला, मैदान ओलांडून आला, दोरीखालून निघाला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. पंचबाईंनी शिटी वाजवली.

तिथं शंभरेक माणसं होती. गुन्हेगार शोधायला कोणाला काही विचारावं लागलं नाही. ताई धापा टाकत दोरीपाशी आली.

"खाऊ दे त्याला," ती म्हणाली.

मी खिशात हात घातला. इस्त्रीची पँट. खिसा रिकामा होता. चहावाल्यानंच एक बिस्कीट पुढे केलं आणि मी ते भोंग्याला दिलं.

ताई पंचबाईंकडे गेली. "बाद झालाय, माहीत आहे मला. दोनच राहिलेत. त्याला पुरं करू द्या."

पंचबाईंनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. ताई भोंग्याला घेऊन परत आत गेली. सोळाव्या दांड्यावरून तो चांगलं हातभर अंतर ठेवून उडाला, सतराव्यावरून पाय लांब करून. मागच्या पायाचं काही दुखतंय असं कोणी म्हटलं नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्यानं ताईभोवती चार फेऱ्या मारल्या आणि जगाला ऐकू जाईल असा ओरडला. फळ्यावर त्याच्या नावापुढे फुली मारली गेली. मला त्या क्षणी चहाच्या किटलीत बुडून मरावंसं वाटलं.

परतीला गाडी मी चालवत होतो. ताई शेजारी, भोंगा मागे, दोघांच्या मधून नाक काढून.

"चेहरा नीट कर," ताई म्हणाली.

"काय?"

"त्याला वाटतंय तो जिंकला. शेवटची होती त्याची. तू असं तोंड पाडून बसलास तर त्याला कळेल. हस."

मी हसलो. मग तिच्याकडे पाहिलं, तीही हसत होती, सगळे दात दाखवून. असे आम्ही अठ्ठावीस किलोमीटर आलो. एका चौकात शेजारच्या गाडीतल्या बाईनं आमच्याकडे पाहिलं, तिलाही हसू आलं, तिनं नवऱ्याला कोपर मारून दाखवलं.

"ताई," मी म्हणालो, "माझ्यामुळे..."

"हसत बोल."

मी हसत हसत माफी मागितली. आयुष्यात मी तिची पहिल्यांदाच माफी मागत होतो, आणि ती अशी मागावी लागली.

"मला तुझा फार राग आलाय," ती मोठ्ठं हसत म्हणाली. "इतका की सांगता येत नाही. बरेच दिवस राहील. आवाज चढवू नकोस, रस्त्याकडे बघ." तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मागून भोंग्यानं तिचा कान चाटला, तेव्हा ती म्हणाली, "हो रे राजा, जिंकलास."

घरी आल्यावर मी गाडी उभी केली. ताईनं मागचं दार उघडलं. भोंगा उडी मारून उतरला आणि बायकोला वर्दी द्यायला फाटकातून आत पळाला. तो घरात दिसेनासा होईपर्यंत ताई थांबली. मग तिनं हसणं बंद केलं.